मार्चमध्ये येणारी पुस्तकं

कॉलेजच्या ग्रंथालयात नवं पुस्तक कधी येतं? ज्याला ते हवं होतं त्याची परीक्षा झाल्यावर. हसू नका, मी बिलांच्या तारखा बघून सांगतोय. आपल्याकडे कॉलेज सुरू होतं जून-जुलैत. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे. आणि पुस्तकखरेदीचा हंगाम? फेब्रुवारी-मार्च. कारण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि तोवर 'खर्च पडला पाहिजे'. मग पुस्तकांचे गठ्ठे मार्चअखेर येतात, एप्रिलमध्ये त्यांच्यावर शिक्के बसतात, मे महिन्यात ती कपाटात जातात. ज्या पोरांच्या नावाने मागणी केली होती ती तोवर पुढच्या वर्गात, नाहीतर चाकणच्या एमआयडीसीत.

मी देहूरोडला राहतो आणि नोकरीची बहुतेक वर्षं लोकलने ये-जा करत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. कॉलेजचं नाव घेणार नाही, त्याची गरजही नाही. थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी हेच आहे, हे ग्रंथपालांच्या कुठल्याही कार्यशाळेत चहाच्या वेळी ऐकायला मिळतं (व्यासपीठावरून नाही ऐकायला मिळत, तिथे आम्ही सगळे 'ज्ञानस्रोत केंद्र' असतो). आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. विषय रुक्ष वाटेल. पण तुमच्या घरातलं कुणी बीए, बीकॉम, बीएस्सीला असेल तर हा तुमच्या खिशाचाही विषय आहे, कारण ग्रंथालयाच्या शुल्काची ओळ प्रत्येक फी-पावतीवर असते.

एका पुस्तकाचा प्रवास सांगतो. जुलैत विभागप्रमुखांना मागणीपत्रक जातं: तुमच्या विषयाला लागणाऱ्या पुस्तकांची यादी द्या. काही विभाग आठवड्यात देतात. काही गणपतीनंतर. एखादा विभाग गेल्या वर्षीचीच यादी तारीख बदलून देतो. काही प्राध्यापक प्रकाशकाच्या माणसाने टेबलावर ठेवलेला कॅटलॉग टिकमार्क करून तसाच पाठवतात. सगळ्या याद्या आल्याशिवाय ग्रंथालय समितीची बैठक नाही, म्हणजे वेळेत यादी देणाऱ्याची पुस्तकंही न देणाऱ्यासाठी थांबतात. मग बैठक. मग प्राचार्यांची सही. मग तीन कोटेशनं. मग तुलनात्मक तक्ता. मग खरेदी समिती, मग संस्थेची मंजुरी, आणि संस्थेचं कार्यालय दुसऱ्या गावात असेल तर फाईल तिकडे जाऊन परत येणार. मग ऑर्डर. मग पुरवठादार म्हणणार, यादीतली निम्मी आहेत, निम्मी मागवतो. मग बिल, बिलाची तपासणी, अ‍ॅक्सेशन रजिस्टरला नोंद, वर्गांक, शिक्का, लेबल. यातलं खरं ग्रंथालयाचं काम शेवटच्या चार पायऱ्यांचं, आणि ते मनावर घेतलं तर चार दिवसांत होतं. उरलेले आठ महिने सह्यांचे.

तीन कोटेशनांबद्दल जरा थांबून बोलायला हवं. हेतू चांगला आहे, सार्वजनिक पैसा आहे, एकाच दुकानदाराला डोळे झाकून काम देऊ नये. पण पुस्तक म्हणजे खुर्ची नव्हे. खुर्ची कुणाकडून घेतलीत तर कमी-जास्त दर येतो. पुस्तकाची किंमत प्रकाशकाने छापलेली असते, ती सगळ्या दुकानांत एकच. छापील पुस्तकाला जीएसटीही नाही. मग स्पर्धा कशाची? सवलतीची. कोण वीस टक्के देतो, कोण पंचवीस, कोण पस्तीस. आणि तिन्ही कोटेशनं एकाच माणसाने आणून दिलेली मी पाहिली आहेत, लेटरहेड तीन आणि टायपिंगच्या चुका त्याच.

सवलत वाढते तसं पुस्तक बदलतं, ही गोष्ट समितीतल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. पस्तीस टक्के देणारा माणूस स्वतःच्या पदरचे पैसे घालत नाही. ज्या प्रकाशनांवर त्याला पन्नास-साठ टक्के सुटतात तीच पुस्तकं तो आणतो. यादीत मूळ संदर्भग्रंथ असला तर शेरा येतो, 'उपलब्ध नाही'. त्याऐवजी 'तत्सम' म्हणून जाड पुठ्ठ्याचं, मोठ्या टाइपातलं, किंमत भरपूर छापलेलं पुस्तक येतं. छापील किमतीवर नवी चिकटपट्टी लावलेली पुस्तकंही येतात. मी नखाने खरवडून बघायचो. खाली निघालेला आकडा आणि वरचा आकडा यातला फरक सवलतीपेक्षा मोठा असायचा. कागदावर मात्र कॉलेजने पस्तीस टक्के वाचवलेले.

याचा सगळ्यात बोचणारा नमुना आपल्याच गावाच्या जिव्हाळ्याचा आहे. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः येऊन देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. आजही त्या दिवशी इथे किती माणसं येतात ते तुम्ही बघता. ज्या माणसाने पुस्तकांसाठी राजगृह बांधलं त्याचं स्वतःचं लेखन महाराष्ट्र शासन १९७९ पासून खंडांनी छापतं आहे. किंमत कमी, मागणी प्रचंड. आता पुरवठादाराच्या जागी उभे राहा. शासकीय प्रकाशन म्हणजे त्याला जवळजवळ काही सुटत नाही, शासकीय ग्रंथागारात खेटे घालायचे, खंड असेल तर असेल. तो सरळ 'उपलब्ध नाही' लिहून मोकळा होतो. खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती, म्हणजे सगळा दोष पुरवठादाराचाही नाही. पण खंड ग्रंथागारात आले तेव्हाही आमच्या ग्रंथालयात ते आले नाहीत, कारण ग्रंथपालाने पुण्याला जाऊन रोख पैसे मोजून पाच खंड आणावेत, अशी सोयच नियमात नव्हती. कोटेशन कुठून आणणार? शासनाच्या पुस्तकाला शासनाशिवाय दुसरा विक्रेता नाही. म्हणजे पोरगा प्रकल्पासाठी 'जातिप्रथेचं उच्चाटन' मूळ इंग्रजीतून मागतो आणि आपण त्याला बाबासाहेबांवरचं तिसऱ्याच कुणाचं चिकटपट्टीवालं पुस्तक देतो.

चैत्यभूमीला ६ डिसेंबरला पुस्तकांचे स्टॉल लागतात ते ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल मी काय म्हणतो. तो स्टॉलवाला कुठलं पुस्तक किती आणायचं हे समितीला विचारून ठरवत नाही. गेल्या वर्षी काय संपलं, लोकांनी काय मागितलं आणि मिळालं नाही, हे त्याच्या डोक्यात असतं. न खपलेला गठ्ठा त्याला परत वाहून न्यावा लागतो, म्हणून तो नीट निवडतो. कॉलेजात न वाचलेला गठ्ठा कुणालाच वाहावा लागत नाही. तो कपाटात राहतो आणि नॅकच्या अहवालात 'एकूण ग्रंथसंख्या' म्हणून मिरवतो.

नॅकचंही बोलू. मूल्यांकनात ग्रंथालय आहे ही चांगलीच गोष्ट, नाहीतर काही संस्थांनी ग्रंथालयाच्या खोलीत कधीच वर्ग भरवले असते. पण तिथे विचारतात पाच वर्षांत पुस्तकांवर आणि नियतकालिकांवर दरवर्षी किती खर्च केला. पुस्तक मागणीपासून वाचकाच्या हातात पडायला किती दिवस लागले, हे कुणी विचारत नाही. अभियांत्रिकीवाल्यांकडे शीर्षकं किती, प्रती किती याची मोजदाद. जे मोजलं जातं ते वाढतं. समिती येणार म्हटलं की ट्रक येतो.

आता प्रतींचं गणित करू, साधं आहे. वर्गात १२० मुलं. एका विषयाच्या क्रमिक पुस्तकाच्या ५ प्रती. पुस्तक आठवड्याला एकाला. सगळ्यांना एकदा मिळायला २४ आठवडे लागणार. सत्र असतं साधारण १५ आठवड्यांचं. म्हणजे पाच प्रती ऑगस्टच्या पहिल्या दिवशी कपाटात असत्या तरी ४५ मुलांना ते पुस्तक एकदाही घरी नेता येत नाही. दहा प्रती असतील तर १२ आठवड्यांत प्रत्येकाला एक आठवडा मिळतो. म्हणजे दहाच्या खाली क्रमिक पुस्तक घेणं हे घेतल्यासारखं दाखवणं आहे. आणि पुस्तक नोव्हेंबरनंतर आलं तर दहा काय नि शंभर काय.

पण आमच्याकडे प्रती ठरायच्या कशा? बजेट भागिले विभाग. सगळ्यांना सारखं, भांडण नको. वीस मुलांच्या विषयाला तेवढीच रक्कम, दोनशे मुलांच्या विषयाला तेवढीच. मग ज्या वर्गात डेपोतल्या, कंत्राटी कामावरच्या, घरकाम करणाऱ्या बायांच्या पोरांची गर्दी, तिथेच पुस्तक सगळ्यात कमी. ती पोरं काय करतात तुम्हाला माहीत आहे. गाईड. नाहीतर झेरॉक्स. नाहीतर टेलिग्रामवरची पीडीएफ, मोबाईलच्या पाच इंची पडद्यावर. विकासनगर, किवळे, मामुर्डीतल्या कितीतरी घरांत शिकणारं पहिलं माणूस हेच. चारशे-पाचशेचं एक अशी सहा-सात पुस्तकं दर सत्राला विकत घेणं त्या घरांना झेपत नाही, आणि त्यासाठीच ग्रंथालय असतं ना?

त्यात नवीन शैक्षणिक धोरण आलं. संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झालं, अभ्यासक्रम बदलले, नवे विषय आले. बदललेल्या विषयाला तर पुस्तक पहिल्याच महिन्यात लागतं, कारण शिकवणाऱ्यालाही तो विषय नवा असतो. आणि आमची यंत्रणा त्याच वेगाने, गणपतीनंतर यादी.

पुस्तकं निवडण्याची आणि आणण्याची पद्धत बदलता येते का? लोकांनी बदलली आहे. आणि एक उदाहरण असं आहे की ऐकून जरा लाज वाटेल. जुन्या माणसांना रेशनवरचा अमेरिकेचा गहू आठवत असेल. तो पीएल ४८० या कायद्याखाली यायचा, कायदा १९५४ चा. त्या धान्याचे पैसे भारताने रुपयांत दिले आणि त्यातल्या काही रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून दिल्लीत कार्यालय उघडून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली. मराठीसुद्धा. पद्धत अशी: अमेरिकेतली विद्यापीठं एकदाच सांगून ठेवतात, आम्हाला अमुक भाषेतली, अमुक विषयांची, अमुक दर्जाची पुस्तकं हवीत. दर पुस्तकाला सही नाही. दिल्लीचं कार्यालय त्या निकषांत बसणारी पुस्तकं छापून आल्याबरोबर गोळा करून पाठवतं. धान्याचे रुपये पुढे संपले तेव्हा विद्यापीठांनी आपले पैसे घातले, पण पद्धत चालूच ठेवली. तुम्ही नेटवर मोल्सवर्थचा मराठी कोश उघडता ना, तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. मराठी पुस्तकांच्या मागे ही माणसं इतक्या पद्धतशीर लागतात. आणि आम्ही? पुण्याचा अप्पा बळवंत चौक देहूरोडपासून लोकल आणि रिक्षा धरून दीड तासावर. तिथे मिळणारं पुस्तक आमच्या कपाटात यायला आठ महिने.

अमेरिकेतलं सगळं भारी असं मी म्हणत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाने १९७० च्या दशकात स्वतःचीच झाडाझडती घेतली. १९६९ मध्ये घेतलेली पुस्तकं पुढच्या सहा वर्षांत किती बाहेर गेली ते मोजलं. सुमारे ४० टक्के पुस्तकं एकदाही कुणी घरी नेली नव्हती. तज्ज्ञांनी निवडलेली पुस्तकं, बरं का. फरक एवढाच की त्यांनी मोजलं आणि छापलं. पुढे २००० साली पर्ड्यू विद्यापीठाने साधी युक्ती केली. वाचकाने आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून द्या म्हटलं, की ठरलेल्या किमतीत आणि निकषांत बसत असेल तर ते उसनं न आणता विकतच घ्यायचं. म्हणजे पुस्तक येण्याआधीच त्याचा पहिला वाचक ठरलेला. आणि हे काही नवं तत्त्वज्ञान नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ मध्येच पाच सूत्रं लिहून ठेवली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे. दर १२ ऑगस्टला आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो. त्या दिवशी खरेदीची फाईल कुठल्या टेबलावर पडलेली असते ते मात्र विचारू नये.

मग करायचं काय? माझ्या मते पहिलं काम कॅलेंडर उलटं करण्याचं. पुढच्या जूनमध्ये काय शिकवायचं हे जानेवारीत बहुतेक माहीत असतं. यादी जानेवारीत घ्या. मार्चमध्ये जो पैसा घाईघाईने उधळता तोच जूनच्या क्रमिक पुस्तकांवर खर्च करा, आर्थिक वर्षही सांभाळलं जातं आणि पोरांना पुस्तक पहिल्या दिवशी मिळतं. ज्या विभागाची यादी ठरल्या तारखेला आली नाही त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं नाही. एवढं एक जरी झालं तरी निम्मा प्रश्न सुटेल असं मला अनुभवावरून वाटतं.

कोटेशनं काढून टाका असं मी म्हणत नाही. ती वर्षातून एकदाच घ्या. एप्रिलमध्ये दोन-तीन विक्रेते ठरवा, मराठी पुस्तकांना एवढी सवलत, इंग्रजी क्रमिक पुस्तकांना एवढी, शासकीय आणि विद्यापीठीय प्रकाशनांना शून्य सवलत चालेल असं स्पष्ट लिहा. पुरवठा किती दिवसांत ते लिहा. चिकटपट्टी लावलेलं पुस्तक परत, हेही लिहा. मग वर्षभर मागणी आली की ऑर्डर जाते, फाईल फिरत नाही. आणि बजेटचा एक छोटा हिस्सा, समजा दहा टक्के, ग्रंथपालाच्या हातात मोकळा ठेवा. आंबेडकर खंड ग्रंथागारात आलेत कळलं, तो उद्याच्या लोकलने जाऊन पावतीनिशी घेऊन येईल. हिशेब महिन्याला समितीपुढे ठेवेल. ज्या माणसावर तुम्ही हजारो पुस्तकांची जबाबदारी टाकता त्याच्यावर पाच हजार रुपयांचा विश्वास टाकायला काय हरकत आहे?

आणि काउंटरवर एक वही. 'मागितलं पण नव्हतं' एवढंच शीर्षक. मी ती ठेवली होती. विभागांच्या याद्यांत जी नावं कधी येत नसत ती तिच्यात यायची: स्पर्धा परीक्षेचं अमुक, इंग्रजी व्याकरणाचं तमुक, सांख्यिकीचं सोपं मराठी पुस्तक. एकच पुस्तक एका महिन्यात अकरा वेळा मागितलेलं दिसायचं. यापेक्षा चांगली निवड समिती कुठली? ज्यांच्याकडे कोहा आहे (फुकट आहे, इनफ्लिबनेटचं सोल किंवा एनआयसीचं ई-ग्रंथालय तरी बऱ्याच ठिकाणी असतं) त्यांना वहीसुद्धा नको, कोहात वाचकाने खरेदीची सूचना टाकायची सोय आहे. बऱ्याच ठिकाणी ती कधी उघडलेलीच नसते.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतात. एक, ऑडिट. ऑडिटर विचारेल. विचारू दे की. ऑडिटरला ठराव लागतो, दर लागतो, पावती लागते, नोंद लागते. पुस्तक आठ महिने उशिरा आलंच पाहिजे असा आग्रह कुठल्याही ऑडिटरने धरलेला मी पाहिला नाही. भीती आपल्याच मनात असते, आणि काही वेळा ती सोयीचीही असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता सगळं ऑनलाइन मिळतं, छापील पुस्तकं कशाला? केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, जवळजवळ १३,००० नियतकालिकं. योजना चांगलीच आहे. दर कॉलेजने वेगळं भांडून वेगळा दर देण्यापेक्षा एकदाच सगळ्या देशाच्या वतीने सौदा, हे मी वर म्हणतोय तेच तत्त्व. पण ती संशोधनाची नियतकालिकं आहेत, आणि सरकारी संस्थांपासून सुरुवात आहे. इनफ्लिबनेटच्या एन-लिस्टमध्ये ई-पुस्तकं भरपूर, पण बहुतेक इंग्रजी. मराठी माध्यमातून बारावी होऊन एफवायबीएला आलेल्या पोरीला अर्थशास्त्राचं जे पुस्तक लागतं ते त्यात सापडणं कठीण. यूजीसीने २०२४ मध्ये 'अस्मिता' प्रकल्पात पाच वर्षांत भारतीय भाषांत २२,००० पुस्तकं करण्याचं जाहीर केलंय. येतील तेव्हा स्वागत आहे. पण ती निवडून, मागवून कपाटात ठेवणारी व्यवस्था आजचीच राहिली तर तीसुद्धा मार्चमध्येच येतील.

आणखी एक गोष्ट आपल्या पट्ट्याला सहज जमेल. आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, एका लोकलच्या रुळावरची गावं. या पट्ट्यातल्या कॉलेजांनी महागडे संदर्भग्रंथ वाटून घ्यावेत. एकाने इतिहासाचे, एकाने वाणिज्याचे. कुणाकडे काय आहे याची एकत्र यादी नेटवर ठेवावी आणि विद्यार्थ्याला दुसऱ्या कॉलेजच्या वाचनकक्षात बसायची मुभा द्यावी. पासधारक पोरगा तळेगावला उतरून दोन तास वाचून घरी जाईल. संस्था वेगवेगळ्या, अध्यक्ष वेगवेगळे, कुणाचं कुणाशी जमत नाही, हे सगळं मला माहीत आहे. तरी ग्रंथपालांचं आपापसात जमतं. त्यांना फक्त वरून 'हो' हवं असतं.

हे सगळं ठरवायची जागाही कायद्यात आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते, बजेट तिच्यापुढे येतं. तिच्यात विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी असतात आणि गावातली माणसंही असतात, माजी विद्यार्थी असतो. ही पोस्ट वाचणाऱ्यांत असे दोघे-तिघे आहेत, मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत ग्रंथालयाचा विषय आला की खर्चाचा आकडा ऐकून मान डोलवू नका. गेल्या वर्षी घेतलेल्या कुठल्याही दहा पुस्तकांच्या तीन तारखा मागा: मागणी कधी आली, ऑर्डर कधी गेली, पुस्तक कपाटात कधी लागलं. आणि चौथा रकाना, ते किती जणांनी नेलं. एका पानावर मावतं. कुणाला तो तक्ता कसा मागायचा हे हवं असेल तर मी नमुना करून देतो, संध्याकाळी घरीच असतो.